मिळून घडवलेले हत्यार : हौशी टर्नर-फिटरांच्या पहिल्या सामाईक कामाची आखणी

विदर्भातल्या लहान गावांत हौसेने लोखंडाचे काम करणारी माणसे आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. कोणाच्या सपरीत बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या वर्कशॉपमधून घेतलेला जुना लेथ असतो, कोणी राजकोटचा किंवा बटाल्याचा चार फुटी लेथ पैसे साठवून आणलेला असतो, तर कोणाकडे एक पिलर ड्रिल, एक दणकट शिकंजा आणि कानसांचा संच एवढेच भांडवल असते. कोणी आयटीआयमधून फिटर किंवा टर्नर होऊन पुढे शेतीकडे वळलेला असतो, कोणी मोटारपंप उघडता-जोडता स्वतःच शिकलेला असतो. या सगळ्यांना चांगली हत्यारे हवी असतात. परंतु एकट्याने एखादे हत्यार पहिल्यापासून शेवटपर्यंत करायला घेतले की प्रत्येक भागासाठी मशीन नव्याने बांधावे लागते, आणि बांधाबांधीतच निम्मा वेळ जातो. एकदा बांधलेल्या मशीनवर एक नग काढण्याऐवजी अठ्ठावीस नग काढले, तर पुढच्या प्रत्येक नगाला लागणारा वेळ पहिल्याच्या मानाने फारच थोडा असतो.

सामाईक हत्यारकामाचा पाया हाच आहे. शेतीत आपण सावड म्हणा, इर्जिक म्हणा, एकमेकांच्या वावरात जाऊन जे करतो, तेच येथे करायचे असते: प्रत्येकाने एकच भाग किंवा एकच क्रिया पत्करायची, ती सगळ्यांच्या वाट्याच्या नगांवर करायची, आणि शेवटी सगळे भाग एकत्र जोडून प्रत्येकाने पुरे हत्यार घरी न्यायचे. फरक इतकाच की वावरात नांगराचे तास बोटभर इकडे-तिकडे झाले तरी पेरणी होते. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या लेथवर बनलेले दोन भाग मात्र मापात बसले नाहीत, तर सगळ्यांचेच श्रम वाया जातात. म्हणून या लेखात यंत्र चालवण्यापेक्षा यंत्र चालू करण्यापूर्वीच्या कामावर अधिक लिहिले आहे.

पहिले हत्यार कोणते घ्यावे

पहिल्या खेपेला मोठे स्वप्न घेऊ नये. टूल ग्राइंडर, डिव्हायडिंग हेड, मिलिंग अटॅचमेंट अशी नावे बैठकीत निघतातच, आणि ती काढणाऱ्याचा उत्साहही खरा असतो. परंतु ज्या गटाने अजून एकही भाग एकमेकांच्या मापावर बनवलेला नाही, त्याने कमी भागांचे, बिघडले तर थोडे लोखंड वाया जाईल असे आणि सगळ्यांना रोज लागणारे हत्यार निवडावे. मला यासाठी टूलमेकर क्लॅम्प, म्हणजे कामाचे तुकडे घट्ट धरून ठेवणारी छोटी पकड, सगळ्यात योग्य वाटतो, आणि पुढची सगळी उदाहरणे त्याचीच आहेत.

ज्यांनी तो हाताळलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो. दोन चौकोनी जबडे असतात आणि दोन स्क्रू असतात. मधला स्क्रू पहिल्या जबड्याच्या सैल भोकातून जाऊन दुसऱ्या जबड्याच्या आट्यांत बसतो आणि दोन्ही जबडे जवळ ओढतो. मागचा स्क्रू दुसऱ्या जबड्याच्या आट्यांतून येऊन पहिल्या जबड्याच्या आतल्या अंगाला असलेल्या उथळ खळग्यात टेकतो आणि जबड्यांची शेपटीकडची बाजू एकमेकींपासून दूर ढकलतो. मध्ये ओढ आणि मागे रेटा, यामुळे पुढची टोके कामावर घट्ट आवळतात. म्हणजे आट्यांची दोन्ही भोके एकाच जबड्यात असतात, तर दुसऱ्या जबड्यात एक सैल भोक आणि एक खळगा असतो. हा क्लॅम्प नेहमी जोडीने वापरला जातो, म्हणून प्रत्येकाला दोन मिळतील अशी आखणी करावी.

माणसे आणि त्यांची यंत्रे

पाच ते सात जणांचा गट पुरेसा असतो. त्याहून कमी असले की एकेकावर भार पडतो, आणि त्याहून जास्त झाले की माल एकाकडून दुसऱ्याकडे पोचवण्यातच महिने जातात. सगळे जण एसटीने किंवा मोटारसायकलने एका दिवसात जाऊन-येऊन भेटता येईल इतक्या अंतरावर असावेत, कारण पहिला नमुना हातात घेऊनच बोलावे लागते. फोनवर सांगितलेल्या मापाचा घोळ झाल्याशिवाय राहत नाही.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपल्याकडे काय आहे ते वहीत लिहून द्यावे: लेथच्या चकमध्ये किती जाडीची सळई जाते, टेलस्टॉक सरळ आहे का, ड्रिलचा स्पिंडल हलतो का, व्हर्निअर कितीपर्यंत वाचतो, मायक्रोमीटर आहे का. जुन्या लेथबद्दल एक गोष्ट आवर्जून विचारावी. लीड स्क्रू (आटे काढताना टूल पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंचाचा असेल, तर मिलिमीटरचे आटे अचूक काढण्यासाठी १२७ दातांचे चेंजगिअर (बदलता येणारे दातेरी चाक) लागते, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याच्या पाचपटीने १२७ हा पूर्णांक येतो. हे गिअर नसलेल्याने एम-८ चे (८ मिमी व्यासाच्या मेट्रिक मापाचे) आटे लेथवर काढण्याचे काम पत्करू नये. त्याने डाय (सळईवर हाताने आटे पाडायचे हत्यार) वापरावी किंवा दुसरी क्रिया घ्यावी. विजेचीही नोंद करावी. ज्याचे मशीन थ्री फेजवर आहे आणि गावठाणाबाहेर शेतीच्या फीडरवर आहे, त्याची थ्री फेज बऱ्याच ठिकाणी काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री. अशा माणसाला वेळेत देण्याचे मोठे काम देणे हा त्याच्यावर अन्याय होतो.

ज्याच्याकडे यंत्र नाही, पण हात चांगला आहे, त्याला वगळू नये. जबड्यांची बर (कापताना कडेला उरलेली धारदार कोर) काढणे, टोके कानसून सारखी करणे, टॅप मारणे (भोकात आटे पाडणे) ही कामे हाताचीच आहेत, आणि वर्षानुवर्षे कानस चालवलेल्या फिटरच्या हातून जो सपाट पृष्ठभाग निघतो तो सैल झालेल्या शेपरवरून निघत नाही.

सगळ्यांच्या संमतीने एक माणूस नकाशाचा, म्हणजे भागांच्या मापांच्या आराखड्याचा, मालक ठरवावा. नकाशात बदल फक्त त्यानेच करायचा, बदलाची तारीख टाकायची आणि जुन्या प्रती परत घ्यायच्या. हे काम वरवर कारकुनीचे वाटते, पण गटाच्या यशापयशाचा मोठा वाटा त्यावर असतो.

नकाशा

आमच्या पहिल्या खेपेची चूक येथे सांगतो, कारण ती नकाशातच होती आणि तो नकाशा मीच काढला होता. आम्ही सहा जण होतो. जबड्याची लांबी मी १०० मिमी लिहिली, मधल्या भोकाचे अंतर पुढच्या टोकापासून दिले आणि मागच्या भोकाचे अंतर शेपटीकडच्या टोकापासून दिले. कागदावर हे बरोबर दिसत होते. कापणाऱ्याने जबडे प्रामाणिकपणे कापले, परंतु कोणता ९९.४ भरला, कोणता १००.५, आणि लांबीतला हा सगळा फरक दोन भोकांमधल्या अंतरात उतरला. जोडणीच्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात तरटावर सगळे भाग मांडले. मधला स्क्रू बसवला, मागचा फिरवत नेला, तर त्याचे टोक खळग्याच्या काठावर चढून बसले. शेजारी बसलेल्या मित्राने तीन जोड्या बदलून पाहिल्या आणि म्हणाला, "भाऊ, हे बसूनच नाही राहिलं." चौदांपैकी पाच क्लॅम्प कसेबसे जुळले. बाकीच्या जबड्यांतले खळगे नंतर एकेक करून कानसीने लांबट करावे लागले.

तेव्हापासून एक नियम आम्ही मोडत नाही: एका भागावरची सगळी महत्त्वाची मापे एकाच टोकापासून द्यायची. टूलमेकर क्लॅम्पसाठी ते टोक शेपटीकडचे. तेथून १० मिमीवर मागचे भोक आणि ४५ मिमीवर मधले, म्हणजे दोघांतले अंतर ३५ मिमी. आता जबड्याची लांबी अर्धा मिलिमीटर कमी-जास्त झाली तरी फक्त पुढची टोके मागेपुढे राहतील, आणि ती शेवटी जोडीने एकत्र कानसून सारखी करता येतात.

दुसरी गोष्ट सुटीची, म्हणजे माप किती कमी-जास्त झालेले चालेल त्याची. नवीन माणूस सगळ्याच मापांना कडक सूट लिहितो आणि सगळ्यांचे हाल करतो. या क्लॅम्पमध्ये ३५ मिमी हे अंतर ०.१ मिमीच्या आत यायला हवे, आटे व्यवस्थित हवेत आणि जबड्यांचे आतले अंग सपाट हवे. स्क्रूच्या डोक्याचा व्यास १५ असो की १४.५, पकडीत काही फरक पडत नाही, त्यामुळे तेथे मोकळी सूट लिहावी. मधल्या स्क्रूला एम-८ साठी ९ मिमीचे सैल भोक द्यावे. मागच्या स्क्रूचे टोक ६ मिमी व्यासाचे आणि ५ मिमी लांब कातून त्याला गोलाई द्यावी, म्हणजे दाबाने टोक फुगले तरी आटे अडकणार नाहीत. त्यासाठी खळगा ६.५ मिमी व्यासाचा आणि ४ मिमी खोल पुरतो. दोन्ही स्क्रू एकसारखेच ठेवावेत. मधल्याला त्या टोकाची गरज नसली तरी दोन प्रकारचे स्क्रू सांभाळण्यापेक्षा हे बरे.

तिसरी गोष्ट एककाची. आपल्याकडे मिस्त्री आजही सूतात बोलतो, एका इंचाचे आठ सूत. आणि ती बोली मला प्रिय आहे. परंतु नकाशावर फक्त मिलिमीटर असावेत. याला केवळ शिस्तीचे कारण नाही. अडीच सुती व्हिटवर्थ आटा, म्हणजे ५/१६ इंच, व्यासाने ७.९४ मिमी असतो आणि एम-८ च्या इतका जवळ असतो की नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. व्हिटवर्थचा आटा ५५ अंशांचा आणि इंचाला १८, तर एम-८ चा ६० अंशांचा आणि १.२५ मिमी पिचचा. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेला हा आटा आपल्या भागातल्या जुन्या जिनच्या आणि पंपांच्या सुट्या भागांत अजून भेटतो, आणि त्याचे टॅपही जुन्या डब्यांत पडलेले असतात. असा टॅप चुकून वापरला, तर एम-८ चा स्क्रू दोन-तीन फेरे आत जाऊन रुततो, आणि जोर लावला की दोघांचे आटे खराब होतात. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी गटासाठी एम-८ चा एकच नवा टॅप-संच विकत घ्यावा आणि तोच सगळीकडे फिरवावा. त्यासाठीचे भोक ६.८ मिमी ड्रिलचे.

नमुना आणि गेज

नकाशा झाला की नकाशाच्या मालकाने किंवा गटातल्या सगळ्यात कुशल माणसाने एकट्याने एक पुरा क्लॅम्प बनवावा. हा नमुना होईपर्यंत बाकी कोणीही लोखंड कापू नये. नमुना बनवताना जे अडते ते सगळे नकाशावर लिहावे. आमच्या दुसऱ्या खेपेला नमुन्यातूनच एक महत्त्वाचा क्रम कळला: जबड्याच्या बाहेरच्या अंगाला पुढे जो उतार द्यायचा असतो, तो भोके पाडल्यानंतरच द्यावा. आधी उतार दिला की खळगा चुकून उताराच्या अंगालाच पाडला जातो आणि जबडा बाद होतो. आधी खळगा असला की आतले अंग कोणते ते आपोआप दिसते.

नमुन्यानंतर जिग, म्हणजे प्रत्येक नगात भोके नेमक्या त्याच जागी पडावीत यासाठीचा साचा. जबडा चारही बाजूंनी सारखा असल्याने जिग सोपी होते: जबड्यावर बसणारा एक ठोकळा, शेपटीच्या टोकाला टेकणारी एक पिन, आणि १० व ४५ मिमीवर दोन बुश (ड्रिलला वाट दाखवणाऱ्या कडक नळ्या). बुशमधून ५ मिमीचे ड्रिल जावे. प्रत्येक जबड्यात प्रथम जिगमधून ५ मिमीची भोके पाडायची आणि मग जिग काढून ती हव्या मापाला वाढवायची. मात्र पहिल्या जबड्यात मागचे भोक आरपार न्यायचे नाही, फक्त ३ मिमी खोल न्यायचे. ड्रिलवर रंगाची खूण करून ठेवावी. पहिल्या आणि दुसऱ्या जबड्यांचे ढीग सुरुवातीपासून वेगळे ठेवावेत.

बुश ओएचएनएस नावाच्या पोलादाचे करून त्यांना पाणी द्यावे, म्हणजे तापवून आणि विझवून कडक करावे. शब्द पाण्याचा असला तरी हे पोलाद तेलात विझवायचे असते. गावच्या लोहाराचा भाता यासाठी पुरतो. बुश तापत असताना मधूनमधून लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक ओढेनासा झाला की त्याहून थोडे पुढे, गडद केशरी रंग येण्याआधी, बाहेर काढून कोमट तेलात बुडवावा. मग पृष्ठभाग घासून चकचकीत करावा आणि मंद आचेवर गव्हाळ पिवळा रंग येईपर्यंत तापवून उतार द्यावा; हा जबड्याचा तिरपा उतार नव्हे, कडकपणातला ठिसूळपणा कमी करण्याचा. उतार न दिलेला बुश पहिल्या धक्क्याला तडकतो. जबड्यांना मात्र पहिल्या खेपेला पाणी देऊ नये. चौकोनी लांबट भाग तापवून विझवला की वाकतो, आणि तो सरळ करण्याचे ग्राइंडिंग आपल्याकडे नसते. मऊ जबडेही अनेक वर्षे चालतात, शिवाय तासलेल्या कामावर त्यांचे वळ उमटत नाहीत.

आट्यांची तपासणी करायला महागडे गेज लागत नाही. नामांकित कंपनीचा ८.८ वर्गाचा एम-८ बोल्ट आणि त्याचा नट विकत आणावा, त्यांना पिवळा रंग द्यावा आणि ते गटाचे मूळ माप मानावे. प्रत्येक स्क्रूवर तो नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे आणि प्रत्येक टॅप केलेल्या भोकात तो बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. पान्याची गरज पडली की तो नग परत. हे इतके साधे आहे की त्यावर कोणाचे मतभेद होत नाहीत, आणि सामाईक कामात मतभेद टाळणारे माप हेच सगळ्यात चांगले माप आहे.

लोखंड आणि पैसे

माल सगळ्यांसाठी एकाच वेळी, एकाच दुकानातून आणावा. सहा जणांना दोन-दोन याप्रमाणे बारा क्लॅम्प, आणि बाद होणाऱ्या नगांसाठी दोन जादा, असे चौदा धरावेत. म्हणजे २८ जबडे आणि २८ स्क्रू. १६ मिमी चौकोनी ब्राइट बारमधून १०० मिमीचा जबडा कापायला करवत आणि फेसिंग (टोके लेथवर सपाट करणे) धरून १०४ मिमी लागतात, म्हणजे सुमारे ३ मीटर बार, वजनाने ६ किलो. स्क्रूसाठी १६ मिमी गोल बार प्रत्येकी ९५ मिमी, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आत काम भागते. अमरावती, अकोला किंवा नागपूरच्या इतवारीत हा माल सहज मिळतो. काळा, गरम लाटलेला बार स्वस्त पडतो, परंतु त्याच्या चारही बाजू तासाव्या लागतात. आपल्या श्रमांचा विचार केला तर ब्राइट बारच परवडतो. त्याची एक खोड लक्षात ठेवावी: तो थंड ओढलेला असल्याने त्यात ताण असतो, आणि एका बाजूने उतार काढला की जबडा किंचित वाकतो. म्हणून उतार दिल्यानंतर आतले अंग निळा रंग लावून सरफेस प्लेटवर तपासावे आणि उंच जागा कानसून काढाव्यात. प्लेट नसेल तर जाड काचेचा तुकडा या कामाला चालतो.

पैशाचा नियम आमच्याकडे असा आहे. अंदाजे खर्चाचे सारखे भाग करून ते खरेदीपूर्वी जमा करायचे, एकाने हिशेब ठेवायचा आणि तो वहीत सगळ्यांना दिसायचा. काम करताना तुटलेला टॅप किंवा ड्रिल सामाईक खर्चातून; कोणी तोडले हे वहीत लिहायचे नाही. ही शेवटची अट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या गटात तुटलेल्या टॅपची भरपाई मागितली जाते, तेथे माणसे तुटलेला टॅप लपवून ठेवतात आणि जबडा टॅपसकट पुढे जातो.

वाटणी आणि वेळापत्रक

वाटणी नगांवर करू नये, तासांवर करावी. २८ जबड्यांचे फेसिंग एका दिवसाचे काम असेल, तर २८ भोकांना हाताने टॅप मारणे दोन-तीन दिवसांचे असते. नमुना बनवताना प्रत्येक क्रियेला लागलेला वेळ लिहून ठेवला की ही वाटणी न्याय्य होते. सहा जणांसाठी सोयीची रचना अशी: एकाने जिग, गेज आणि तपासणी, एकाने जबडे कापून फेस करणे, एकाने जिगवर भोके आणि टॅप, एकाने उतार आणि कानसकाम, एकाने स्क्रू कातणे, एकाने स्क्रूवर आटे आणि डोक्याचे नर्लिंग (बोटांची पकड बसावी म्हणून केलेली खरबरीत नक्षी). कातताना एक काळजी घ्यावी. ८ मिमी जाडीचा ७२ मिमी लांब दांडा टेलस्टॉकच्या सेंटरच्या आधाराशिवाय टूलच्या दाबाने मागे झुकतो, आणि टोकाकडे जाड, चककडे बारीक असा निघतो.

सगळा माल एकदम पुढे पाठवू नये. चौदा-चौदाचे दोन हप्ते करावेत, आणि प्रत्येक हप्त्यातला पहिला नग तपासणी करणाऱ्याकडे जाऊन पास झाल्याशिवाय बाकीचे नग सुरू करू नयेत. पाचव्या नगाला सापडलेली चूक दुरुस्त होते, अठ्ठाविसाव्याला सापडलेली होत नाही. प्रत्येक पुडक्यात भागाचे नाव, नगांची संख्या, झालेली क्रिया आणि राहिलेली क्रिया लिहिलेली चिठ्ठी असावी. कोऱ्या तेलाने माखलेला कागद गुंडाळावा; जळालेले इंजिन ऑइल लावू नये, त्याने लोखंडावर डाग पडतात.

वेळापत्रक शेतीला धरूनच ठरवावे. कापूस वेचणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत दिलेली तारीख पाळली जाणार नाही, आणि ती पाळली नाही म्हणून रागावण्यात अर्थ नाही. हरभरा-गहू घरात आल्यापासून मृग लागेपर्यंतचा काळ आम्हाला सोयीचा पडतो. त्यात अडचण उन्हाची आहे. पत्र्याखालच्या सपरीत दुपारी पारा पंचेचाळीसवर असतो आणि लेथवरून काढलेला नग हाताला चटका देतो. मोजमापाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, आणि पोलादाचा १०० मिमी तुकडा २५ अंश जास्त तापला की सुमारे ०.०३ मिमीने वाढतो. आपले व्हर्निअरही पोलादाचेच असल्याने दोघे एकाच तापमानाला असतील, तर चूक जवळपास नाहीशी होते. चूक होते ती गरम नग थंड मापाने मोजल्याने. म्हणून मापे सकाळी घ्यावीत आणि नग व माप रात्रभर शेजारी ठेवून घ्यावीत. टूलमेकर क्लॅम्पच्या सुटीत हा फरक तसा मावून जातो, परंतु पुढे साइन बारसारखे (कोन अचूक लावण्याच्या साधनासारखे) काम घेणार असाल, तर ही सवय आत्ताच लावावी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, तेव्हा मिश्र धातूंच्या कामात याकडे जास्तच लक्ष हवे.

उन्हाळ्यामुळेच एक धोकाही वाढतो. आपल्याकडे डोक्याला आणि गळ्याला दुपट्टा असतो. लेथजवळ जाण्यापूर्वी तो काढून खुंटीला टांगलाच पाहिजे, घाम कितीही येत असो. हातमोजे घालून फिरत्या कामाजवळ जाऊ नये, आणि चकची चावी चकमध्ये सोडून कोणी हललेले दिसले, तर वयाचा मान न ठेवता टोकावे. गटाच्या पहिल्याच बैठकीत हे बोलून घेतले की नंतर टोकलेले कोणाला लागत नाही.

कोणी मध्येच थांबला तर

हे होतेच. घरी लग्न निघते, आजारपण येते, मोटार जळते. प्रत्येक क्रियेला एक राखीव माणूस आधीच ठरवावा, आणि ज्याला जमणार नाही त्याने माल अर्धवट स्थितीत, चिठ्ठीसकट, लगेच परत करावा, एवढीच अपेक्षा ठेवावी. त्याने पैसे भरले असतील तर त्याचा क्लॅम्प त्याला मिळावा. त्याच्या श्रमाची बाकी पुढच्या खेपेत फिटते. माझ्या अनुभवात अशी बाकी कोणी बुडवलेली नाही.

जोडणीचा दिवस

जोडणी एकाच ठिकाणी, सगळ्यांनी मिळून, सकाळी लवकर करावी. सगळे पहिले जबडे एका ढिगात, दुसरे दुसऱ्या ढिगात, स्क्रू तिसऱ्यात, आणि कोणीही न निवडता हाताला येईल तो भाग उचलावा. "हा जबडा त्या स्क्रूला चांगला बसतो" असे जुळवत बसलात, तर काम मापात झाले की नाही हे कधीच कळणार नाही. बसणार नाही ती जोडी बाजूला ठेवावी आणि चूक नेमकी कोणत्या क्रियेची आहे हे सगळ्यांसमोर शांतपणे मोजून पाहावे. त्यातूनच पुढच्या खेपेचा नकाशा सुधारतो. जुळलेल्या जोड्यांची पुढची टोके एकत्र आवळून कानसावीत आणि दोन्ही जबड्यांवर एकच क्रमांक पंचाने उठवावा.

क्लॅम्प खरा आहे की नाही हे पाहण्याची सोपी रीत आहे. दोन जबड्यांत साध्या कागदाच्या दोन पट्ट्या धराव्यात, एक अगदी टोकाला आणि एक थोडी आत. आवळल्यावर दोन्ही पट्ट्या सारख्याच घट्ट लागल्या, तर जबडे समांतर आहेत. आतली घट्ट आणि टोकाची सुटत असेल, तर मागचा स्क्रू आणखी आवळावा लागेल. नव्या माणसाच्या हाती ही पट्टी द्यावी. क्लॅम्प कसा काम करतो हे त्याला वाचून कळणार नाही तितके त्या ओढीतून कळते.

वाटप चिठ्ठ्या टाकून करावे, म्हणजे सगळ्यात देखणे नर्लिंग असलेला क्लॅम्प कोणाला मिळाला यावर कोणाचे मन खट्टू होत नाही. आमच्याकडे त्या दिवशी वावरात गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी असते; घरच्या मंडळींनाही बोलवावे, कारण महिनाभर सपरीतला आवाज त्यांनीच सोसलेला असतो.

जादा उरलेले क्लॅम्प ज्यांच्याकडे यंत्र नव्हते आणि ज्यांनी सगळ्यात जास्त कानस चालवली त्यांना द्यावेत असे मी सुचवतो, मात्र हे पहिल्याच बैठकीत ठरलेले असावे. निघण्यापूर्वी वहीत तीन नोंदी कराव्यात: किती नग बाद झाले, कोणत्या क्रियेत झाले, आणि कोणत्या क्रियेला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला. सुधारलेला नकाशा, जिग, पिवळा बोल्ट, पिवळा नट आणि उरलेला टॅप-संच तेल लावून एकाच पत्र्याच्या डब्यात ठेवावा, आणि डबा कोणाच्या घरी आहे हे वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावे.